नवीन आयडी कार्ड एका दारावर चालतं, दुसऱ्यावर नाही : कार्ड बदलू नका, नंबर तपासा

हजारो कर्मचारी असलेल्या रुग्णालय समूहात ओळखपत्रं बदलायला घेतली की पहिल्या आठवड्यातच ठरलेल्या तक्रारी येऊ लागतात. "मेन गेटला कार्ड चालतं, आयसीयूचं दार उघडत नाही." दुसऱ्या इमारतीतून उलटी तक्रार : दारं सगळी उघडतात, पण वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन होत नाही, नाहीतर औषधांचं कुलूपबंद कपाट ओळखच देत नाही. हेल्पडेस्क कार्ड परत घेतं, नवं छापून देतं. ते कधी चालतं, कधी नाही. चाललं की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद होतं आणि पुढची बॅच आली की तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

अशी तक्रार आली की नवीन कार्ड छापायला घेऊ नका. कार्ड खराब निघण्याचं प्रमाण फार कमी असतं. बहुतेक वेळा कार्डाचा नंबर एका यंत्रणेत एका रूपात असतो आणि दुसरीत दुसऱ्याच रूपात. नवं कार्ड दिलं म्हणजे नवा नंबर दिला, म्हणजे गोंधळात आणखी एकाची भर.

हे नीट समजायचं तर कर्मचारी ज्याला "माझं कार्ड" म्हणतो त्याची नोंद किती ठिकाणी आहे याची यादी एकदा कागदावर काढा. दारांची यंत्रणा, हजेरी, वॉर्डातल्या कॉम्प्युटरचं टॅप-लॉगिन (कार्ड टेकवून होणारं लॉगिन), औषधांची कपाटं, प्रिंटर, पार्किंगचा अडसर, लॉकर, कँटीन. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, रीडर (कार्ड वाचणारं यंत्र) वेगळा आणि बहुधा पुरवठादारही वेगळा. हे सगळे रीडर एकाच कार्डातून एकच आकडा वाचतात असं आपण धरून चालतो. तसं होईलच असं नाही.

आधी लॉग बघा

चालत नसलेलं एक कार्ड घ्या आणि त्याच बॅचमधलं चालणारं एक. ज्या रीडरवर अडतं तिथे दोन्ही दाखवा, आणि त्याच वेळी त्या यंत्रणेचा इव्हेंट लॉग, म्हणजे कुठलं कार्ड कधी दाखवलं याची नोंदवही, उघडून ठेवा. चारपैकी एक गोष्ट दिसेल : लॉगमध्ये काहीच उमटलं नाही, अनोळखी नंबर उमटला, बरोबर माणसाचं नाव आलं पण प्रवेश नाकारला, किंवा भलत्याच माणसाचं नाव आलं. पहिल्या तिन्ही वेळा दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं ते एकच, दार उघडलं नाही. चौथ्या प्रकारात तर दार उघडतंसुद्धा, म्हणून तो कुणाच्या लक्षातच येत नाही. कारणं मात्र चौघांची पूर्ण वेगळी आहेत. म्हणून तिकिटात "कार्ड चालत नाही" एवढंच लिहून पुढे पाठवायची परवानगी कुणालाच असू नये.

लॉगमध्ये काहीच उमटत नाही

रीडरने कार्ड वाचलंच नाही. पहिली शंका फ्रीक्वेन्सीची. जुनी प्रॉक्सिमिटी कार्डं १२५ किलोहर्ट्झवर चालतात आणि नवी स्मार्ट कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर. समूहातल्या एखाद्या जुन्या इमारतीत, तळघरातल्या भांडारात किंवा शवागाराच्या दारावर फक्त १२५ वाचणारा रीडर राहून गेलेला असतो. तिथे नवं कार्ड दिवसभर धरून ठेवलं तरी काही होणार नाही. रीडर बदलेपर्यंत दोन्ही चिपा असलेली दुहेरी कार्डं हा यावरचा खरा उपाय. ती महाग पडतात, म्हणून ज्यांना त्या दारांवर खरंच जावं लागतं त्यांनाच द्या.

दुसरी शंका होल्डरची. बदलीच्या काळात बरेच जण जुनं आणि नवं कार्ड एकाच होल्डरमध्ये ठेवतात. १२५ किलोहर्ट्झची दोन साधी कार्डं एकत्र असली की त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि रीडरला धड एकही वाचता येत नाही. १३.५६ च्या कार्डांत असा प्रसंग सोडवण्याची सोय असते, पण दोनपैकी कुठलं कार्ड रीडर उचलेल हे तुमच्या हातात नसतं. मागे बँकेचं कार्ड ठेवलेलं असेल तरी हेच होतं. तक्रारदाराला एकच सांगा : होल्डर रिकामा करून फक्त नवं कार्ड दाखवा. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

तिसरी गोष्ट भोकाची. कार्डाच्या आत काठाकाठाने तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तोच अँटेना. क्लिप अडकवायला वॉर्डात कुणीतरी साध्या पंचिंग मशीनने भोक पाडतं, तार तुटते आणि कार्ड कायमचं बाद होतं. उजेडासमोर धरलं तर पुष्कळ पांढऱ्या कार्डांत ही तार कुठून गेली आहे ते दिसतं. भोक कुठे पाडायचं हे कार्ड बनवणाऱ्याकडून लिहून घ्या, नाहीतर भोक पाडायचंच नाही, उघडा होल्डर वापरायचा. धातूची पाठ असलेले होल्डर तर देऊच नका, ते सिग्नल अडवतात. एमआरआय विभागात जाणाऱ्यांच्या रीलमध्ये आणि क्लिपमध्ये लोखंडी भाग नसावेत, पण हा कार्ड चालण्याचा प्रश्न नाही, जिवाच्या सुरक्षिततेचा आहे.

अनोळखी नंबर उमटतो

खरी गंमत आणि खरा त्रास इथे आहे. एकच कार्ड वेगवेगळ्या रीडरवर वेगवेगळा आकडा देऊ शकतं, आणि ते सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

सगळ्यात जुना आणि अजूनही भरपूर वापरात असलेला प्रकार म्हणजे २६ बिटचा (बिट म्हणजे एक ० किंवा १) विगँड फॉरमॅट, कार्डाचा नंबर रीडरकडून पुढे पाठवायची एक ठरलेली रचना. त्यात ८ बिट फॅसिलिटी कोडचे, म्हणजे संस्थेच्या क्रमांकाचे, १६ बिट कार्ड नंबरचे आणि दोन बिट तपासणीचे. म्हणजे फॅसिलिटी कोड ० ते २५५ आणि कार्ड नंबर ० ते ६५,५३५. समजा कोड ३७ आणि नंबर ४५१२ आहे. दारांची यंत्रणा हे दोन वेगळे आकडे म्हणून दाखवेल. पण कॉम्प्युटरला जोडलेला यूएसबी रीडर तेच २४ बिट सलग वाचून २४२९३४४ असा एकच आकडा टाइप करेल. ३७ गुणिले ६५,५३६ आणि त्यात ४५१२ मिळवले की तोच येतो. एचआरच्या यादीत ४५१२, लॉगिनच्या यंत्रणेत २४२९३४४, आणि दोन्ही विभाग छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे नंबर बरोबर आहे. दोघंही खरं बोलत असतात!

स्मार्ट कार्डांत आणखी एक फाटा फुटतो, बाइटच्या (आठ बिटांच्या गटाच्या) क्रमाचा. चिपचा जन्मजात क्रमांक, म्हणजे यूआयडी, सोळाच्या पायात (० ते ९ आणि ए ते एफ वापरून) लिहिला तर समजा १२ ३४ ५६ ७८ असा आहे. सरळ वाचला तर दशमान, म्हणजे आपला नेहमीचा, आकडा ३०५४१९८९६ होतो. उलट्या क्रमाने, ७८ ५६ ३४ १२ असा वाचला तर २०१८९१५३४६. रीडरच्या सेटिंगमध्ये एक टिकमार्क इकडचा तिकडे झाला की हा फरक पडतो. बिघडलेल्या रीडरच्या जागी नवा बसवला आणि तो कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर राहिला, तर कालपर्यंत चालणारी सगळी कार्डं आज त्या एका दारावर अनोळखी होतात. "त्याच दारावर पुन्हा पुन्हा" अशी तक्रार असेल तर तो रीडर अलीकडे बदलला होता का, हे आधी विचारा.

तिसरा फाटा चावीचा, म्हणजे रीडरमध्ये भरलेल्या गुप्त संकेताचा. डेसफायरसारख्या नव्या, जास्त सुरक्षित स्मार्ट कार्डात खरा ओळख क्रमांक चिपच्या आत कुलूपबंद ठेवता येतो आणि तो वाचायला रीडरकडे योग्य चावी लागते. चावी नसलेले बरेच रीडर गप्प बसत नाहीत, ते सरळ यूआयडी वाचून पुढे पाठवतात. लॉगमध्ये आकडा येतो, पण तो भलताच असतो. अशा वेळी काही जण यंत्रणेत तो यूआयडीच भरून टाकतात आणि काम भागवतात. हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मायफेअर क्लासिक या जुन्या स्मार्ट कार्डाचं क्रिप्टो-१ नावाचं संरक्षण २००८ मध्येच उघडं पडलं, १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डांची नक्कल तर हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्राने होते. म्हणूनच तर हा सगळा खर्च करून कार्डं बदलायला घेतली. यूआयडी हे गुपित नाही, तो कुठल्याही रीडरला मागितल्याबरोबर मिळतो. त्याच्यावर विसंबलात तर महागडी कार्डं घेऊनही सुरक्षितता होती तिथेच राहिली.

दर वेळी वेगळाच नंबर येत असेल आणि तो ०८ ने सुरू होत असेल तर रीडर बहुधा फोन वाचतोय. अँड्रॉइड फोन कार्डासारखं वागताना असा बदलता क्रमांक देतो, आणि होल्डरच्या मागे किंवा त्याच खिशात फोन असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. काही स्मार्ट कार्डंही मुद्दाम तशीच सेट केलेली असतात. तशा कार्डांसाठी यूआयडीवर चालणारी जोडणी कधीच टिकणार नाही.

एक्सेल नावाचा वेगळा आजार

रीडर ठीक, कार्ड ठीक, तरीही बॅचमधली बहुतेक कार्डं अनोळखी. मग नंबरांची फाइल कशी आली ते बघा. पुरवठादाराकडून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) येते, कुणीतरी ती एक्सेलमध्ये उघडतं, एखादा कॉलम नीट करतं आणि सेव्ह करतं. तेवढ्यात तीन गोष्टी घडलेल्या असू शकतात.

नंबराच्या सुरुवातीचं शून्य उडतं, ०४५१२ चं ४५१२ होतं. हे लगेच दिसतं आणि सापडतं. दुसरा प्रकार लपून राहतो. एक्सेल कुठल्याही आकड्याचे फक्त १५ अंक सांभाळतं. सात बाइटचा, ०४ ने सुरू होणारा यूआयडी दशमानात लिहिला तर तो १६ अंकी होतो. शेवटचा अंक काहीही असो, तिथे शून्य बसतं. आणि ज्या कार्डांचा शेवटचा अंक मुळातच शून्य असतो ती बिनतक्रार चालतात, म्हणजे साधारण दहातलं एखादं. "बॅचमधली थोडी चालतात, बाकीची नाही" अशी तक्रार असेल आणि फाइलमधला प्रत्येक नंबर शून्याने संपत असेल तर पुढे काही शोधायची गरज नाही. तिसरा प्रकार त्याहून विरळा : सोळाच्या पायातला १२३४५ई६७ असा नंबर एक्सेलला मोठी घातांकी संख्या वाटतो आणि तो तशी बदलून टाकतो. शेकडो कार्डांत एखादंच असं निघतं, म्हणून त्याचं तिकीट महिनोन्महिने फिरत राहतं.

उपाय सोपा आहे. फाइल डबल-क्लिक करून उघडायची नाही. डेटा आयात करताना नंबरचा कॉलम मजकूर म्हणून निवडायचा. त्याहून चांगलं म्हणजे फाइल हाताळायचीच नाही, पुरवठादाराची मूळ फाइल जशीच्या तशी यंत्रणेत चढवायची. एकदा बिघडलेली फाइल पुन्हा दुरुस्त होत नाही. गेलेला अंक परत आणता येत नाही, मूळ फाइलच मागवावी लागते.

नाव बरोबर, तरी प्रवेश नाही

हा सोपा प्रकार. माणसाला त्या दाराचे हक्क दिलेले नाहीत, किंवा वेळेची मर्यादा आहे, किंवा नवं कार्ड जोडताना जुन्या कार्डाचे हक्क त्याच्याबरोबर आले नाहीत. हक्क कार्डाला चिकटवू नका, माणसाला चिकटवा. मग कार्ड कितीही वेळा बदललं तरी फरक पडत नाही.

कधी कधी मुख्य सर्व्हरवर सगळं ठीक दिसतं, पण दाराच्या कंट्रोलरपर्यंत, म्हणजे दार उघडायचं की नाही ठरवणाऱ्या जवळच्या यंत्रापर्यंत, यादी पोचलेली नसते. कंट्रोलर नेटवर्क तुटलं तरी चालू राहावा म्हणून स्वतःजवळ यादी ठेवतो, आणि दुवा तुटलेला असेल तर जुन्या यादीवर काम करत राहतो. बॅटरीवर चालणारी सुटी कुलुपं तर कुणी जाऊन किंवा अपडेट पॉइंटवरून यादी देईपर्यंत काहीच शिकत नाहीत. याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे : जे कार्ड तुम्ही बंद केलं, ते त्या दारावर अजून चालू असतं.

भलत्याच माणसाचं नाव

असं एकदाही दिसलं तर बदलीचं काम तिथल्या तिथे थांबवा. दार उघडणं ही यातली लहान गोष्ट. तोच नंबर औषधांच्या कपाटात आणि रुग्णाच्या नोंदीतही जात असेल तर एका सिस्टरने काढलेलं औषध दुसरीच्या नावावर लागतं, डॉक्टरांची सूचना भलत्याच्या सहीने जाते. रुग्णाच्या फाइलमध्ये कुणी काय केलं याची साक्षच मोडते.

कारणं बहुधा दोन. पहिलं, दोन रुग्णालयं एकत्र आली आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी २६ बिटची कार्डं घेतली होती. हा फॉरमॅट खुला आहे, एकच फॅसिलिटी कोड आणि तीच नंबरमाला दोघांना विकली जाण्यापासून कुणी रोखत नाही. त्यात एखादी यंत्रणा फॅसिलिटी कोड बघतच नसेल, नुसता कार्ड नंबर बघत असेल, तर टक्कर ठरलेलीच.

दुसरं, लांब यूआयडी कापून २६ बिटांत कोंबणं. रीडरचं जुन्या कंट्रोलरशी जमावं म्हणून असं सेटिंग केलं जातं. कापल्यावर २४ बिट उरतात, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास वेगवेगळे आकडे. पुरेसे वाटतात. पण नंबर विखुरलेले असतील तर १०,००० कर्मचाऱ्यांत साधारण तीन जोड्या सारख्या निघतील असा हिशोब येतो. आणि यंत्रणा फक्त १६ बिट बघत असेल तर ३०० कार्डांतच एखादी जोडी सारखी निघण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून नवीन यादी चढवण्याआधी, प्रत्येक यंत्रणा कार्डाचा जो भाग खरोखर वापरते, त्याच भागावर दुहेरी नंबर शोधा. पूर्ण यूआयडीवर शोधलंत तर काहीच सापडणार नाही आणि सगळं ठीक आहे असा समज होईल.

आणि याद्या जुळवताना नावावरून कधीही जुळवू नका. हजारोंच्या यादीत एकाच नावाचे दोघंतिघं असतातच. कर्मचारी क्रमांक हाच दुवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

प्रत्येक ऑर्डरआधी एक पान लिहा : फॉरमॅट, बिटसंख्या, फॅसिलिटी कोड, नंबर कुठून कुठपर्यंत, बाइटचा क्रम, चावी कुणाच्या ताब्यात. मागच्या ऑर्डरचं पान समोर ठेवून नंबरमाला तिथूनच पुढे सुरू करा. हे पान एकाच माणसाच्या डोक्यात असलं की तो सुट्टीवर गेल्यावर पुढची बॅच पुन्हा एकपासून छापून येते. मग पूर्ण बॅच छापायच्या आधी त्यातली मोजकी कार्डं घेऊन प्रत्येक प्रकारच्या रीडरवर फिरा : दार, हजेरी, कॉम्प्युटर, कपाट, प्रिंटर, पार्किंग. प्रत्येक ठिकाणी उमटलेला आकडा त्या पानावर लिहून ठेवा. अर्धा दिवस जातो, पण पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

छपाईबद्दल थोडंसंच. रुग्णालयात कार्डावर दिवसभर सॅनिटायझर लागतं, त्यामुळे वर संरक्षक थर नसेल तर फोटो आणि हुद्दा पुसट होतो. चिपच्या उंचवट्यावर थेट छपाईत पांढरा डाग पडतो, तिथे फिल्मवरून छापणारा प्रिंटर बरा. आणि वापरलेली रंगीत रिबन कचऱ्यात टाकू नका, तिच्यावर छापलेल्या प्रत्येकाचा फोटो आणि नाव वाचता येतं.

वाटपात माझा सगळ्यात जास्त आग्रह रात्रपाळीसाठी आहे. दिवसा कार्ड अडलं तर सिक्युरिटी, आयटी, एचआर सगळे हजर असतात. रात्री दोनला आयसीयूबाहेर अडकलेल्या माणसाला कुणी नसतं, आणि आत रुग्ण वाट बघत असतो. जिथे यंत्रणा एका माणसाला दोन कार्डं ठेवू देते तिथे जुनं आणि नवं काही दिवस दोन्ही चालू ठेवा. पण काही यंत्रणांत एकाच कार्डाची जागा असते, नवं चढवलं की जुनं त्याच क्षणी मरतं. अशा यंत्रणांत नंबर आधी घाऊक चढवू नका. कार्ड हातात पडलं की कर्मचाऱ्याने स्वतः टॅप करून आणि पासवर्ड टाकून जोडायचं, अशी सोय असेल तर तीच वापरा. कार्ड घेताना त्याला लागणाऱ्या दोनतीन जागा तिथल्या तिथे टॅप करून बघायला सांगा, आणि रात्रपाळीचं वाटप रात्रपाळीच्या वेळेतच करा, तेव्हा मदतीला माणूस ठेवून. कंत्राटी कर्मचारी, शिकाऊ डॉक्टर आणि अनेक शाखांत फिरणारे तंत्रज्ञ एचआरच्या मुख्य यादीत नसतात, त्यांची यादी वेगळी मागवा.

जुनी कार्डं बंद करायची तारीख आधी जाहीर करा, पण त्या तारखेला डोळे मिटून बटण दाबू नका. आदल्या दिवशी रिपोर्ट काढा : गेल्या सात दिवसांत जुन्या नंबरांपैकी कुठले, कुठल्या रीडरवर वापरले गेले. त्यात जी नावं उरतील त्यांच्या वॉर्डात फोन करा. काहींनी नवं कार्ड घेतलंच नसेल, काहींचं एखाद्या दारावर चालत नसेल म्हणून ते गुपचूप जुनं वापरत असतील. ती दुसरी नावं म्हणजे अजून न सुटलेली तिकिटं. त्यांचा नंबर वरच्या पद्धतीने तपासून झाला की मगच ते जुनं कार्ड बंद करा. बंद केल्यावर ते सुट्या कुलपांवर आणि नेटवर्कपासून तुटलेल्या कंट्रोलरवर नेऊन दाखवा, आणि तिथेही दार उघडत नाही हे बघूनच कात्रीने चिप कापा.